नवांतले सात

१

सुंदराबाईला जाऊन अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी भल्या सकाळी पोलिसांनी कुलदीपला चौकशीला बोलावलं. आरोप जगावेगळा होता. त्याने कोणाला मारलं नव्हतं, कोणाला लुबाडलं नव्हतं. सुंदराबाईच्या नावाच्या बाटलीत त्याने दुसऱ्याच कोणाचं रक्त भरलं, असं त्याच्याच संस्थेचं म्हणणं होतं.

कौशल्या गावंडे यांना ही बातमी भाजीच्या टोपलीबरोबर मिळाली. कुलदीपची आई बेबीताई बावीस वर्षं अमरावतीत त्यांच्या दारावर मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणत होती. त्या दिवशी तिने टोपली उतरवली, पण भाव सांगितला नाही. पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

"बाई, तुमी कालेजात आकडेच शिकवत होत्या ना?"

"हो. तेहतीस वर्षं. संख्याशास्त्र."

"मंग मले सांगा, आकडा खोटं बोलते का?"

"आकडा बोलत नाही गं. तो मांडणारा माणूस बोलतो."

"मंग त्या माणसाले पकडा. माया पोट्ट्याले काहून पकडून राहिले?"

मग सगळी हकिगत तुटक तुटक बाहेर आली. वलगावच्या पुढे फुलशेती करणाऱ्यांची एक वाडी आहे. तिथल्या फवारणीच्या औषधांचा माणसांवर काय परिणाम होतो, हे पाहायला अमरावतीच्या एका संस्थेने सप्टेंबरात नऊ जणांचं रक्त घेतलं. रक्त काढलं कुलदीपने. औषध अंगात भिनलं की रक्तातलं एक द्रव्य कमी होतं. चांगल्या माणसाचं शंभराच्या आसपास असतं, पन्नासच्या खाली गेलं तर फवारणीपासून त्याला तात्काळ दूर ठेवायचं, असं ठरलं होतं. पन्नासच्या खाली एकच जण निघाला, कुंदन नावाचा पंप मारणारा. त्याला चिठ्ठी गेली, त्याने पंप सोडला, तो आज धडधाकट आहे. सुंदराबाईला चिठ्ठी आली नाही. महिन्याभराने ती शेवंतीच्या वाफ्यात पडली. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. औषधाचीच बाधा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

संस्थेने यावर हिशोब मांडला तो असा. अहवालात सर्वांत कमी आकडा कुंदनचा. म्हणजे सुंदराबाईचा आकडा चांगला होता. पण ती औषधानेच मेली, तर तिचा आकडा चांगला असणार नाही. म्हणजे ते रक्त तिचं नव्हतंच. कुलदीपने वाडीपर्यंत जायचा कंटाळा केला आणि कोणाच्या तरी हातातून दोन बाटल्या भरल्या.

"आन वरून म्हणतेत, रजिस्टर बी त्यानंच गायब केलं," बेबीताई म्हणाली.

कौशल्याबाईंनी चष्मा काढला. हिशोबात तशी खोट दिसत नव्हती. हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

२

संस्थेचे संचालक देवानंद साहेब अगत्याने बोलले. माणूस लबाड वाटत नव्हता. स्वतःच्या टापटिपीवर मात्र फार खूश होता. भिंतीवर आलेख, टेबलावर रंगीत अहवाल. त्यांनी पद्धत समजावून सांगितली. बाटलीवर नाव लिहायचं नाही, फक्त एक ते नऊ क्रमांक. तपासणी अकोल्याच्या लॅबमध्ये. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त इथल्या एका रजिस्टरात. लॅबवाल्याला माणूस कळू नये आणि आकडे मांडणाऱ्यालाही कळू नये, म्हणजे कोणी कोणाची बाजू घेत नाही.

"आणि ते रजिस्टर?"

"लोखंडी कपाटात होतं. किल्ल्या तिघांकडे. मी, कुलदीप आणि आमची दामिनी. बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नाही. आता तुम्हीच सांगा मॅडम, ते नाहीसं झाल्याने फायदा कोणाचा?"

दामिनी चहा घेऊन आली आणि आधी कौशल्याबाईंच्या पायाशी वाकली. सहा वर्षांपूर्वीची त्यांची विद्यार्थिनी. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, सांगितलेलं शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायची. आता इथले सगळे आकडे तीच मांडत होती. तिचा चेहरा उतरलेला होता. कुलदीप तसा मुलगा नाही, एवढंच ती म्हणाली, आणि तेही साहेबांकडे न पाहता.

"तुमच्या नोट्स अजून जपून ठेवल्यात मॅडम," जाताना ती पुटपुटली. "त्यांच्यावरच चालतं सगळं."

हे ऐकून कौशल्याबाईंना बरं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते बरं वाटणं त्यांना आठवत राहिलं.

अहवालाचं पान त्यांनी मागून घेतलं. त्यावर चारच ओळी होत्या. तपासलेल्या व्यक्ती नऊ. सर्वांत कमी चव्वेचाळीस. सर्वांत जास्त एक्याण्णव. सरासरी ऐंशी पूर्णांक एकाहत्तर शतांश. खाली शेरा, 'वाडीची स्थिती समाधानकारक'. लॅब आकडे पूर्णांकातच देते की दशांशात, एवढंच त्यांनी विचारलं. पूर्णांकातच, साहेब म्हणाले.

इर्विन चौकात रिक्षाची वाट पाहताना त्या पान पुन्हा वाचत होत्या. तेहतीस वर्षांची सवय, सरासरी दिसली की ती उलटी गुणून पाहायची. त्यांनी मनात नऊने गुणलं. मग पर्समधून पेन काढून तळहातावर गुणलं.

रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली. त्या तळहाताकडेच पाहत होत्या.

ही सरासरी नऊ जणांची असूच शकत नव्हती.

३

रिक्षातच त्यांनी कुलदीपला फोन लावून बोलावून घेतलं. ठाण्यातून सुटून तो नुकताच घरी आला होता. वाडीवर जाताना बसमध्ये त्याला त्यांनी ते समजावलं. तो बारावीनंतर नर्सिंगकडे गेलेला, गणिताला भिणारा. पण हे त्याला कळलं.

पूर्ण आकड्यांची बेरीज नऊने भागली, की दशांशानंतर एकच अंक पुन्हा पुन्हा येत राहतो. अकरा, बावीस, तेहतीस, चव्वेचाळीस. शेवटचा अंक वाढवून घेतला तर छप्पन, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद. एकाहत्तर कधीच येत नाही. एक ते नऊपैकी ज्याने भागल्यावर एकाहत्तर येतं असा अंक एकच, सात.

"म्हणजे मी नऊ बाटल्या दिल्या..."

"आणि सरासरी काढली सातांची. दोन आकडे कोणीतरी गाळले. सर्वांत कमी चव्वेचाळीस, हे उरलेल्या सातांतलं कमी."

कुलदीपने खिडकीबाहेर पाहिलं. कपाशीची बोंडं फुटली होती. "म्हणजे मी रक्त बरोबर घेतलं होतं," तो म्हणाला. मग काच ओढून घेत, "मामी सांगत होती, चिठ्ठी आली तर वाचून दाखवजो." सुंदराबाई त्याची लांबच्या नात्यातली मामी होती, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

वाडीत सुंदराबाईचा नवरा नत्थुजी अंगणात बसला होता. त्याला बोलायचं नव्हतं. मुलगी करिश्मा एकोणीसची, ती बोलली. लग्नसराई तोंडावर आली, हार द्यायचे आहेत, घर बंद ठेवून भागत नाही. नत्थुजीची थोरली बहीण पार्बताबाई सुई-दोरा घेऊन बसली होती. दोरा सुईच्या नाकापाशी नेऊन तिने तीनदा हुकवला. चौथ्यांदा करिश्माने सुई ओढून घेऊन ओवून दिली.

"मोतीबिंदू झालाय आत्याले," ती म्हणाली. "हात बी कापते आता. वय झालं."

"साठ म्हणजे वय नोय व," पार्बताबाई हसली आणि तोंडाला आलेली लाळ पदराने टिपली.

कुंदनला गाठलं तेव्हा तो बैल धूत होता. रक्त दिलेल्यांत पंप कोण मारायचं, असं कौशल्याबाईंनी विचारलं. आपण एकटाच, तो म्हणाला. आपण सोडल्यापासून नत्थुजी मारतो, आज ऊन उतरल्यावर बी त्याची फवारणी हाय. बाकीच्या बाया. त्यांचं काम फुलं तोडायचं, हार ओवायचे. अहवालातही तसंच लिहिलं होतं.

"आणि औषध कोण कालवतं?"

"ते काय काम हाय बाई? ड्रममंदी हात घालून ढवळाचं. देते कोणीबी कालवून. बायाच."

परतीच्या फाट्यावर उभं राहिल्यावर कुलदीप हिशोबाला लागला. दोन आकडे गाळले. एक मामीचा, हे धरून चालू. त्याने एक बोट दुमडलं आणि दुसऱ्यावर तो अडला.

"मॅडम, दुसरा कोणाचा?"

कोणीतरी एक जण अजून त्याच औषधात वावरत होता. नाव सांगितल्याशिवाय लग्नसराईच्या तोंडावर कोणी काम थांबवणार नव्हतं, आणि ते नाव सांगणारं रजिस्टर नाहीसं झालं होतं.

४

त्यांनी तडक बडनेऱ्याचं स्टेशन गाठलं आणि मिळेल त्या गाडीने अकोला. लॅब जठारपेठेच्या बाजूला एका दवाखान्याच्या वर होती. तिथला पियुष पंचविशीचा, सडसडीत, प्रश्न विचारताच चिडणारा. संस्थेच्या माणसाने यायला हवं, असं तो म्हणत राहिला. मग कुलदीपने आपलं नाव सांगितलं. पियुषने त्याच्याकडे नीट पाहिलं, उठला आणि पंखा लावला.

"तुझ्यावर टाकलं का त्यांनी? बाटल्या चोख होत्या तुझ्या. नऊच्या नऊ."

त्याने संगणकावरून यादी काढून दिली. नावं नाहीत, नुसते क्रमांक. कौशल्याबाईंनी ती चढत्या क्रमाने लिहून घेतली. एकतीस, अडतीस, चव्वेचाळीस, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, एक्याण्णव. एकतीस क्रमांक चारचा, अडतीस क्रमांक सातचा. ते कोणाचे, हे इतक्या दिवसांनी कुलदीपला आठवेना. हे दोन सोडून उरलेल्या सातांची बेरीज पाचशे पासष्ट. भागिले सात, ऐंशी पूर्णांक एकाहत्तर. तंतोतंत.

"तुमचं यंत्र चुकलं असेल, असं कोणाला वाटलं असेल?" त्यांनी विचारलं.

पियुषला राग आला. "ते दोन आकडे पाहून मलेच शंका आली होती. दोन्ही बाटल्या दुसऱ्यांदा लावल्या. तेच आले. खाली लिहून दिलं मी, हे पाहा, 'चार व सात फेरतपासणी केली, आकडे बरोबर'. कोणी वाचलं असेल तर."

कुलदीपने मुठी आवळल्या. संस्थेचं नाव राखायला साहेबांनी काढले, तो म्हणाला. समाधानकारक वाडी, समाधानकारक अहवाल.

कौशल्याबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं ते त्या कागदावर पाहत होत्या. लपवायचंच असतं तर चव्वेचाळीस कशाला ठेवला? तोही पन्नासच्या खालीच. तो ठेवला, त्याची चिठ्ठीसुद्धा पाठवली. लपवणारा माणूस पन्नासवर रेघ ओढतो. इथे रेघ अडतीस आणि चव्वेचाळीसच्या मधून गेली होती. अशी आडनिडी रेघ कोण ओढेल?

त्यांनी मधला आकडा शोधला. चढत्या क्रमाने मांडलेल्या नवांतला पाचवा, चौऱ्याऐंशी. हा मध्यक. त्याचा निम्मा बेचाळीस.

अडतीस बेचाळीसच्या खाली. चव्वेचाळीस वर.

मध्यकाच्या निम्म्यावर रेघ मारायची, हे कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांना ठाऊक होतं, कारण एकेकाळी त्यांनी ते सगळ्या पुस्तकांत शोधलं होतं. मग स्वतःच तयार केलं होतं.

५

दामिनी राजापेठेत भाड्याच्या खोलीत राहायची, आणि आज ती कामावरून लवकर परतली होती. अमरावतीला पोहोचेपर्यंत दुपार टळत आली. कौशल्याबाईंनी कुलदीपला खाली थांबवलं. दामिनीने दार उघडलं, मॅडमच्या हातातला कागद पाहिला आणि पाणी आणायला म्हणून वळलेली ती तिथेच उभी राहिली.

"नोट्स काढ," कौशल्याबाई म्हणाल्या. "पान सांगू का मी?"

सांगायची गरज नव्हती. झेरॉक्सचा तो गठ्ठा उशाशीच होता. शिकवत असताना कौशल्याबाई वर्गाला चांदूर बाजारला संत्र्याच्या बागेत घेऊन जायच्या, पेट्या मोजायला, वजनं घ्यायला. दरवर्षी दोन-चार पोरं अर्धवट भरलेली पेटी काट्यावर ठेवायची आणि सगळ्यांची सरासरी बिघडवायची. कंटाळून त्यांनी एक नियम लिहून दिला, 'मध्यकाच्या निम्म्याहून कमी नोंद आली, तर ती मोजणाऱ्याची चूक समजावी व गाळावी.' परीक्षेत त्यावर हमखास दोन गुण असायचे. संत्र्यांपुरता आहे, असं लिहायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मी काही लपवलं नाही मॅडम," दामिनी म्हणाली. "यादी आली की आधी साफ करायची, असंच करत आले मी. साफ यादीतून पन्नासच्या खालचे काढले. एक निघाला. तो क्रमांक साहेबांना दिला, त्यांनी चिठ्ठी पाठवली."

"खालचा शेरा?"

"नियम लावल्यावर शेरा कशाला वाचायचा?"

ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं. कौशल्याबाईंना तिची उत्तरपत्रिका आठवली. दोनपैकी दोन.

"मग कुलदीपवर घेऊ दिलंस."

दामिनी खाली बसली. सुंदराबाई गेल्याचं कळलं, तेव्हाच तिला ते दोन आकडे आठवले. त्या रात्री ती डबा विसरला म्हणून ऑफिसात गेली आणि रजिस्टर घेऊन आली. साहेबांनी कुलदीपचं नाव घेतलं तेव्हा ती रोज ठरवायची, उद्या बोलू. तिच्यावर धाकट्या भावाचं शिक्षण होतं, घरी दर्यापूरला आई होती. उद्या उद्या करत बारा दिवस गेले.

"चार आणि सातमधला एक नंबर सुंदराबाईचा. दुसरा कोणाचा?"

"माहीत नाही."

"रजिस्टर तुझ्याकडे आहे."

"आहे. मी उघडलं नाही." तिने गादीखालून ते काढलं. भोवती ओढणी गुंडाळून तिला गाठ मारली होती. "उघडलं असतं तर खरं झालं असतं मॅडम."

बारा दिवस एक माणूस त्या गाठीत बांधलेला होता. कौशल्याबाईंना तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. पण हात उचलायचा तर तो आधी कोणावर, हे त्यांना नीट कळत होतं.

गाठ घट्ट होती, दामिनीची बोटं थरथरत होती. ती थरथर पाहिली आणि कौशल्याबाईंच्या डोळ्यांपुढे दुसरी बोटं आली. सुईच्या नाकापाशी तीनदा हुकलेला दोरा. पदराने टिपलेली लाळ. देते कोणीबी कालवून. बायाच. पंप मारणाऱ्याच्या तोंडाला फडकं तरी असतं, कालवणारीचा हात कोपरापर्यंत औषधात. कागदावर मात्र तिचं काम, हार ओवणे.

"सोड ती गाठ," त्या उठत म्हणाल्या. "मला नाव माहीत आहे."

आणि त्यांना हेही आठवलं, की नत्थुजीची फवारणी आज ऊन उतरल्यावरच होती.

६

कुलदीपने वाटेतून फोन लावले. नत्थुजीचा बंद, करिश्माचा वाजत राहिला. रिक्षा वाडीत शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. बांधावर निळा ड्रम होता आणि पार्बताबाई त्यावर वाकली होती. उजवा हात आत.

कुलदीप धावला. त्याने तिला मागे ओढलं, बोरिंगखाली नेऊन बसवलं आणि हातावर पाणी सोडलं. पार्बताबाई भेदरून ओरडत होती, पोट्टा येडा झाला म्हणून. नत्थुजी पंप पाठीवर घेऊन उभाच राहिला. त्याच रिक्षातून तिला दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर वाचली नसती. हाताची थरथर जाईल की नाही, ते मात्र सांगता येणार नाही.

रजिस्टराची गाठ दुसऱ्या दिवशी ठाण्यात सुटली. चार, सुंदराबाई. सात, पार्बताबाई. कुलदीपवरची तक्रार मागे घेतली गेली. देवानंद साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्याने झटकला. मग साहेब कौशल्याबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, की मुलीची चूक झाली, तिला काढून टाकतो, पण तुमच्या त्या नोट्सचा उल्लेख कशाला? कॉलेजचं नाव, तुमचं नाव. नियम एखाद्या पुस्तकातला होता म्हणू.

"कोणत्या?" कौशल्याबाईंनी विचारलं.

जबाबाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी स्वतःचं नाव, वय आणि नियमाचं वर्ष लिहिलं. हवालदाराने ते दोनदा वाचलं. यावर कलम कोणतं लावायचं, हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती ओळ चौकशीशी संबंधित नाही म्हणून बाजूला ठेवली आणि बाकीच्या जबाबावरून सगळा दोष दामिनीच्या नावाने बांधला.

तेराव्याचं जेवण साधंच होतं. बेबीताई पानं मांडत होती. आज ती कौशल्याबाईंशी बोलली नाही. करिश्मा ओसरीवर हार ओवत होती. कौशल्याबाई जवळ जाऊन बसल्या. सांगायचं ते त्यांनी मनात पाठ केलं होतं, नमुना, मध्यक, टोकाची नोंद. त्यातला एक शब्दही तिथे बोलता येईना.

"मॅडम, मायी आई कितवी होती?" करिश्मानेच विचारलं.

"चार नंबर."

"तिले काहून काढलं?"

"ती सगळ्यांत जास्त आजारी होती, म्हणून."

करिश्माने त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा चालली आहे का, हे ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होती.

"असं कोणं शिकवलं त्या आकडेवाल्या पोरीले?"

"मी."

जेवणापुरती दवाखान्यातून आणलेली पार्बताबाई पलीकडे सुई घेऊन बसली होती, दोरा नाकापाशी नेत होती, हुकवत होती. करिश्मा उठली. आत्याच्या हातातली सुई आणि दोरा तिने घेतला, कौशल्याबाईंच्या मांडीवर ठेवला आणि घरात निघून गेली.

कौशल्याबाईंनी सुई उजेडाकडे धरली. पहिल्यांदा दोरा हुकला.